लेकराच्या उंचीची खुंटी

आमच्या माजघराच्या भिंतीला एक खुंटी आहे. माझा हात सहज पुरणार नाही इतकी उंच. सरांनी ती स्वतःच्या उंचीच्या हिशेबानं ठोकली होती. सर म्हणजे माझे यजमान. ते जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. सगळं गाव त्यांना सर म्हणायचं, म्हणून मीही तेच म्हणू लागले. त्या खुंटीवर त्यांची कापडी पिशवी टांगलेली असे. वाचनालयातून माझ्यासाठी पुस्तकं आणायची ती याच पिशवीतून.

सर गेले आणि पिशवी तिथंच राहिली. मुलगा दोनदा म्हणाला, "आई, काढून ठेवतो." मी म्हटलं, "राहू दे." मला ती काढायची नव्हती असं नाही. ती माझ्या हातानं काढायची होती, आणि माझा उजवा खांदा वर जाईना. एवढी साधी गोष्ट मला घरात कुणाला सांगता आली नाही.

नोकरीतल्या आठवणी लिहा, असा दिवाळी अंकाचा निरोप आला तेव्हा मी त्या खुंटीकडे बघत बसले होते. मग वाटलं, खुंटीपासूनच लिहावं. गावात माझ्या पाठीमागं मला 'खुंटीवाली बाई' म्हणत. समोर नुसतं बाई.

मी अंगणवाडी सेविका होते. आमचं गाव आखाडा बाळापूरच्या बाजाराला जोडलेलं, डांबरी रस्ता सोडून आत. मी कामाला लागले तेव्हा आमचा तालुका परभणी जिल्ह्यात होता. हिंगोली जिल्हा झाला तो नंतर. अंगणवाडी म्हणजे खिचडीची शाळा असं पुष्कळांना वाटतं. खिचडी असतेच. पण तीन ते सहा वर्षांची लेकरं सांभाळणं, त्यांना झोळीत बसवून काट्याला टांगून वजन करणं, लसीच्या दिवशी आयांना गोळा करणं, गरोदर बाईच्या घरी जाऊन ती काय खाते ते बघणं, हे सगळं त्यात येतं. दुपारनंतर गृहभेटी. घरी जायचं, विचारायचं, सांगायचं, चहा नको म्हणायचं आणि शेवटी प्यायचा.

या गृहभेटींत मला एक दिसलं. आमच्याकडच्या मातीच्या घरांत सगळं उंचावर असतं. उंदीर आहेत, घूस आहे, मांजर आहे, आत शिरणारी शेळी आहे. म्हणून भाकरी शिंक्यावर, दूध फळीवर, कपडे खुंटीवर, कंगवा आढ्याच्या फटीत. उंदरापासून वाचवता वाचवता या सगळ्या वस्तू लेकरापासूनही वाचलेल्या असतात. तीन वर्षांच्या मुलाला त्याचाच सदरा हवा असला तरी मान वर करून मागावा लागतो. आई चुलीपुढं असते, तिला ऐकू जात नाही. ते पुन्हा मागतं, मग रडतं, मग मार खातं. मला वाटायचं, हे लेकरू हट्टी नाही. याचा हात पुरत नाही, एवढंच आहे.

तेव्हा मी गावातल्या सुताराकडून बाभळीच्या उरल्यासुरल्या तुकड्यांच्या खुंट्या करून घेतल्या आणि गृहभेटीच्या पिशवीत हातोडी ठेवू लागले. लेकराला भिंतीशी उभं करायचं, त्याला हात वर करायला सांगायचं आणि हात जिथं सहज पोचेल तिथं खुंटी ठोकायची. तिच्यावर त्याचा सदरा आणि पंचा. खाली कोपऱ्यात त्याचा लहान तांब्या आणि ताटली. बास. आहार आणि लस हे सरकारनं सांगितलेलं काम. खुंटी माझ्या मनची.

आयांना मी एकच गोष्ट सांगत असे. लेकरू काही करू लागलं की आपले हात पाठीमागं न्यायचे, पदराचं टोक मुठीत धरायचं आणि नुसतं बघायचं. हे ऐकून आयांचा घोळका हसायचा.

"हात मागं धरून बसायला आमी काय पाटलीणबाई हाओत का, बाई?"

"रोज नाही, घटकाभर."

"घटकाभरात ते लेकरू सगळी पाण्याची घागर सांडून ठिवतंय. मंग पुन्हा हिरीवर कोण जाईल? तुमी?"

त्यांचं बरोबर होतं. पाणी लांबून आणणाऱ्या बाईला सांडलेलं पाणी परवडत नाही. म्हणून मी घागर सोडून दिली, लहान तांब्या धरला. तांब्याभर सांडलं तर तांब्याभरच. कामातली अशी तडजोड पुस्तकात नसते, ती पायऱ्या झिजवून कळते.

एकदा एक बाप रस्त्यात आडवा आला. मारोती त्याचं नाव. शेतकरी माणूस, बाजाराला निघालेला.

"ओ बाई, तुमच्यापायी माझी बस हुकली."

"मी काय केलं?"

"पोरगं म्हणतंय, माझी चप्पल मीच घालतो. उजवी घाली डाव्या पायात, डावी उजव्या पायात. काढी, पुन्हा तसंच घाली. मी आपला हात मागं धरून हुबा. तिकडं बस आली अन् गेली निघून."

"मग?"

"मंग काय, बसली बोंब." मग तो इकडं तिकडं बघून म्हणाला, "पर घातली हो त्यानं. बराबर घातली."

बाजार बुडाल्याचं दुःख सांगायला आलेला माणूस हसत निघून गेला.

खरं सांगायचं तर इतक्या वर्षांत मला या गोष्टीची सवय झाली नाही. चार वर्षांचं मूल पहिल्यांदा स्वतः बटण लावतं तेव्हा त्याची जीभ ओठाच्या कडेला येते, भुवया जवळ येतात, श्वास अडतो. त्या वेळी त्याला आई नसते, घर नसतं, फक्त एक भोक आणि एक बटण असतं. ते बटण आत गेलं की ते कुणाकडं बघत नाही. आधी स्वतःच्या छातीकडं बघतं. देवळात मला जे कधी कधीच वाटलं, ते मला हे बघताना दर वेळी वाटलं. आपण काही तरी मोठं घडताना पाहतोय आणि आवाज करू नये, असं.

आता कुशावर्ताचं सांगते. सगळ्या नोकरीतून एकच भेट ठेवायची म्हटली तर मी ती ठेवीन.

गावाच्या कडेला धनगरांची वस्ती आहे. थोडी शेती, बाकी शेळ्यामेंढ्या. कुशावर्ताचा नवरा ज्ञानोबा वर्षातले बरेच महिने कळप घेऊन लांब चरायला जाई. घरी कुशावर्ता, तिची सासू धुरपताबाई आणि मुलगी मुक्ता. मुक्ताच्या आधी दोन लेकरं झाली होती आणि दोन्ही पाळण्यातच गेली होती. मुक्ता झाली तेव्हा धुरपताबाईंनी औंढ्याच्या नागनाथाला नवस बोलला. लेकरू पाच वर्षांचं होईस्तोवर त्याला फुलासारखं ठेवीन, त्याचा घास आईच्या हातानंच जाईल, त्याला स्वतःच्या हातानं घास उचलू देणार नाही.

नवस त्या घरानं अक्षरशः पाळला. मुक्ता चार वर्षांची झाली तरी आईच्या कडेवर असायची. खाणं, पाणी, तोंड धुणं, सगळं आईच्या हातून. आजीच्या हातचंही ती खात नसे. अंगणवाडीत आई बरोबर बसली तरच ती बसे. हात नाजूक, पाय बारीक, डोळे मात्र फार हुशार. सगळं बघायची आणि काहीच करायची नाही.

आणि कुशावर्ताला दम लागू लागला. आधी विहिरीच्या चढावर, मग अंगणात, मग नुसतं मुलीला उचललं तरी. मीच तिला आरोग्य केंद्रात नेलं. तिथून नांदेड, नांदेडहून औरंगाबाद. काळजाची एक झडप खराब झाली होती, ऑपरेशन करावं लागणार होतं. पावसाळ्याच्या आधी करा, पुढं आम्हाला खात्री देता येत नाही, असं मोठ्या डॉक्टरांनी ज्ञानोबाला बजावलं. मुक्ताची पाच वर्षं पुरी व्हायला मात्र अजून वर्ष होतं.

कुशावर्ता जायला तयार नव्हती.

मी गेले तेव्हा संध्याकाळ होत आली होती. ज्ञानोबा काळजीनं घरी परतला होता, त्यामुळं कळपही वस्तीवरच होता. चरून आलेल्या मेंढ्या आणि दिवसभर डाल्याखाली कोंडलेली कोकरं यांचा एकच कल्ला चालला होता. या वेळी कोकरं सोडतात आणि प्रत्येक आपल्या आईला शोधतं. बघणाऱ्याला सगळ्या मेंढ्या सारख्याच दिसतात. कोकराला दिसत नाहीत.

"जाणार न्हाई म्हणून राहिली," ज्ञानोबा खाली मान घालून म्हणाला. "तुमीच सांगा, बाई."

कुशावर्ता ओट्यावर बसली होती. मुक्ता मांडीवर.

"काय सांगायचं त्यात?" ती म्हणाली. "मी तिकडं पडले पंधरा दिस, महिनाभर. हिला इकडं कोण भरवंल? ही उपाशी मरंल. मंग मी वाचून काय करू?"

"आजी आहेत की."

"माझ्या हातचं तोंडात घेत न्हाई ती," धुरपताबाई आतून म्हणाल्या. त्यांना मोतीबिंदूनं दिसत कमी होतं, ऐकू मात्र सगळं येई. "अन् तिला तिच्या हातानं खा म्हणायचं न्हाई, बाई. आधीच सांगते. म्या शब्द दिलाय देवाला. दोन नेलीत त्यानं."

नवसबिवस काही नसतं, असं मी म्हणू शकले असते. माझ्या घरात पुस्तकं होती, सर होते. अशा गोष्टी आम्ही बोलायचो. पण ज्या घरानं दोन पाळणे रिकामे होताना पाहिले, त्या घराच्या ओट्यावर बसून मी काय म्हणणार?

अंगणात एक कोकरू कोणत्याच मेंढीकडं गेलं नाही. ते सरळ कुशावर्ताकडं आलं आणि तिच्या पदराला तोंड लावू लागलं.

"ह्याची आई मेली," कुशावर्ता म्हणाली. "मीच बाटलीवर वाढवलं. आता मोठं झालं तरी कळपाबरोबर जात न्हाई. कळप निघाला की हे माझ्यामागं घरात." तिनं त्याला पायानं हळूच लोटलं. ते परत आलं. ती त्याच्याकडं बघत राहिली, मग मांडीवरच्या मुक्ताकडं. मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "बाई, म्या हिलाबी बाटलीवरच वाढवलं का हो?"

ज्ञानोबानं तोंड फिरवलं. आतून धुरपताबाईंचा आवाज आला. आवाजातला ताठा गेला होता.

"चला मंग. त्यालाच इचारू. ज्याला शब्द दिला त्याच्याच पायाशी जाऊ. म्या सांगते त्याला, एक लेकरू वाचवायला सून घालवू का म्हणावं."

सोमवारी आम्ही औंढ्याला गेलो. धुरपताबाई, कुशावर्ता, मुक्ता आणि मी. ज्ञानोबाला मेंढरं सोडता आली नाहीत. एसटीत कुशावर्तानं मुलीला मांडीवर घेतलं होतं आणि तिचा श्वास मला शेजारी बसून ऐकू येत होता.

औंढ्याचं देऊळ ज्यांनी पाहिलंय त्यांना माहीत आहे. बाहेरून एवढं मोठं, दगडात सगळी सृष्टी कोरलेली, आणि देव मात्र खाली. काळोख्या गाभाऱ्यात, जमिनीच्या पोटात. अरुंद, चढ्या पायऱ्या उतरून, वाकून, जवळजवळ बसून त्याच्यापर्यंत जावं लागतं. राजा असो नाहीतर मेंढपाळ, ताठ मानेनं तिथं जाता येत नाही.

हे सगळं आम्हाला ठाऊक होतं. एक गोष्ट मात्र चौघींपैकी कुणाच्याच ध्यानात आली नव्हती.

"एकेकानं उतरा," पायऱ्यांशी उभे असलेले पुजारी म्हणाले. "लेकरू कडेवर नको. डोकं लागेल दगडाला."

धुरपताबाई घाबरल्या. "मंग तिला कोण उतरवंल? तिला चढउतार येत न्हाई, महाराज."

"मोठं दिसतंय की लेकरू," पुजारी म्हणाले. "उतरंल आपलं आपण."

कुशावर्तानं मुक्ताला खाली ठेवलं. मुक्तानं तिचं लुगडं घट्ट धरलं. कुशावर्तानं ती मूठ सोडवली, एक बोट, मग दुसरं बोट. मग ती स्वतः आधी उतरली. भिंतीला हात लावत, दर पायरीला थांबत. खाली पोचली तेव्हा तिथंच टेकली. वर मुक्ता, खाली आई, मध्ये तेवढ्या पायऱ्या. समईच्या उजेडात आईचा चेहरा दिसत होता.

मुक्तानं हंबरडा फोडला.

मागं रांग तुंबली. एक माणूस ओरडला, "अहो बाई, उचला की त्या पोरीला!" कुणी परमुलखातली यात्रेकरू बाई म्हणाली, "बच्ची को गोद में लो ना, बहनजी." माझे हात खरोखर पुढं झाले होते. मुक्ताच्या काखेपर्यंत गेले होते. तेवढ्यात मला खाली कुशावर्ता दिसली. तिनं दोन्ही हात पाठीमागं नेले होते. तिच्या पदराचं टोक दिसत नव्हतं, म्हणजे ते तिच्या मुठीत असणार. ती रडत होती आणि हात पुढं करत नव्हती.

मीही हात मागं घेतले.

"मुक्ते," ती खालून म्हणाली, "ये माय. बसून ये."

मुक्ताचं रडणं एकदम थांबलं. का ते मला आजही सांगता येणार नाही. ती खाली बसली. मग पालथी झाली. पोट दगडाला लावलं आणि एक पाय मागं खाली सोडला. तो पाय हवेत चाचपडू लागला. तेवढा इवला पाय, पैंजणाचा, कधी धड मातीलाही न लागलेला. तो पाय पायरी शोधत होता. मागची रांग गप्प झाली. पायाचा अंगठा दगडाला लागला, तिथं थबकला, मग पूर्ण पाऊल टेकलं. मग दुसरा पाय. अशी ती उतरली, देवाकडं पाठ करून, वर आमच्याकडं बघत. आणि शेवटच्या पायरीखाली उभी राहिली तेव्हा तिच्या तोंडावर जे होतं, त्याला हसू म्हणता येणार नाही. बटण लावून झाल्यावर लेकरं स्वतःच्या छातीकडं बघतात ना, तसं ती स्वतःच्या पायांकडं बघत होती.

धुरपताबाईंना मी धरून खाली नेलं. त्यांनी पिंडीवर डोकं ठेवलं आणि कितीतरी वेळ ओठ हलवत राहिल्या. पुजाऱ्यांनी खडीसाखर वाटली. मुक्ताच्या हातावरही चार खडे ठेवले. मुक्तानं हात आईपुढं केला, रोजच्या सवयीनं, भरव म्हणून. कुशावर्ता भिंतीला टेकून डोळे मिटून श्वास घेत होती. तिनं पाहिलंच नाही. मुक्तानं थोडा वेळ वाट बघितली. मग खडीसाखर आपल्या तोंडात टाकली.

कडकन आवाज झाला. धुरपताबाईंनी दचकून मान वळवली.

"काय खाल्लं तिनं?"

"परसाद," मी म्हटलं.

"कोण भरवला?"

"तिनंच खाल्ला."

म्हातारीनं अंधारात पिंडीकडं तोंड केलं. मला वाटलं, आता रागावतील, रडतील. त्या एवढंच म्हणाल्या, "त्यानंच दिला, त्याच्याच म्होरं तिनं खाल्ला. आता म्या मधी काय बोलू?"

परतीच्या एसटीत मुक्ता आईच्या मांडीवर बसली नाही. खिडकीशी उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी मी हातोडी घेऊन गेले. मुक्ताला भिंतीशी उभं केलं. खुंटी धुरपताबाईंनी स्वतः चाचपून बघितली. "लई खाली झाली बया, शेळी परकर खाईल," म्हणाल्या. शेळीनं पुढं खरंच एक परकर खाल्ला.

भाकरीचा तुकडा मोडणं हे चार वर्षांच्या बोटांना किती अवघड असतं, ते बसून बघितल्याशिवाय कळत नाही. म्हणून आधी दुधातला काला, मग वरणातला, मग कोरडी भाकरी. कुशावर्ता त्या वेळी उंबऱ्यावर पाठ करून बसायची. "बघवत न्हाई बाई," म्हणायची. "अर्धं भुईवर सांडतंय. कोंबड्या खाऊन राहिल्या."

"खाऊ दे कोंबड्यांना."

"मला हात शिवशिव करतेत."

"पदर धर."

"पदर फाटला धरून धरून," ती म्हणाली आणि हसली. त्या दिवसांत ती हसली ते हे एवढंच.

एका पहाटे जीप आली आणि नवराबायको औरंगाबादला गेले. मुक्ता झोपेत होती.

त्या दिवशी ती जेवली नाही. ताटली घेऊन बसली, आईच्या जागेकडं बघत बसली, उठली. दुसऱ्या दिवशी सकाळीही तेच. दुपारी मी गेले तेव्हा धुरपताबाई भाकरीचा तुकडा हातात घेऊन बसल्या होत्या. "बाई, नियम राहू द्या तुमचा. आता म्या भरवते."

"भरवा आजी," मी म्हटलं. तिकडं त्या बाईच्या छातीवर चीर पडणार आणि इकडं हे लेकरू उपाशी. खुंटी ठोकणं सोपं असतं, हे मला त्या दुपारी कळलं.

म्हातारीचा हात चुकून मुक्ताच्या नाकाशी गेला. मुक्तानं तोंड घट्ट मिटलं. मग तिनं आजीच्या बोटांतून तो तुकडा काढून घेतला, अर्धा मोडला आणि बाटलीवर वाढलेल्या त्या कोकराला दिला. उरलेला आपल्या तोंडात टाकला. पुन्हा एक तुकडा घेतला, पुन्हा अर्धा कोकराला. भाकरी संपेपर्यंत हेच चाललं. धुरपताबाई मला म्हणाल्या, "काय करून राहिली ती? मला दिसत न्हाई, सांगा की." "जेवते आहे," मी म्हटलं.

कुशावर्ता परतली ती पावसाच्या तोंडावर. छातीवर उभा वण, अंग हलकं झालेलं, आणि काहीही उचलायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलेलं. लेकराला तर नाहीच. अंगणात तिला बाजेवर बसवलं. वस्तीवरची माणसं गोळा झाली. मुक्ता दाराशी उभी होती. ती धावत आली नाही. तिनं आईकडं एकदा नीट बघितलं आणि आत गेली.

कुशावर्ताचं तोंड उतरलं. "बाई, इसरली का हो मला?"

मुक्ता बाहेर आली ती दोन्ही हातांत तिचा लहान तांब्या धरून. काठोकाठ भरलेला. अंगण मोठं होतं. ती एकेक पाऊल टाकत, पाण्याकडं बघत चालत होती. पाणी परकरावर सांडत होतं. वाटेत कोंबडी आडवी आली, ती थांबली, कोंबडीला जाऊ दिलं, परत निघाली. एकही माणूस मदतीला हलला नाही. मी तर कुणाला काही सांगितलंही नव्हतं. सगळी वस्ती हात मागं धरल्यासारखी उभी होती.

तांब्यात घोटभरच पाणी उरलं होतं. कुशावर्तानं ते प्यायलं. मग तोंडाला पदर लावून रडू लागली. "माझं काही कामच ठिवलं न्हाई तुमी, बाई," ती मला म्हणाली. तिच्या बोलण्यात राग होता. मला तो तेव्हा लागला आणि आजही तो खोटा वाटत नाही. आपण लेकराला मोठं करतो तेव्हा कुणाच्या तरी मांडीवरून ते उतरवत असतो.

मुक्ता बाजेवर चढली, आपली आपण. आईच्या शेजारी बसली.

"माय," ती म्हणाली, "भूक लागली. भरव."

"का ग? तुला येतं ना खायला आता?" कुणीतरी चिडवलं.

"येतं," मुक्ता म्हणाली. "पर भरव."

सगळं अंगण हसलं. कुशावर्ताही.

त्यानंतर मी बरीच वर्षं काम केलं. पुढं सिमेंटची घरं आली. सिमेंटच्या भिंतीत बाभळीची खुंटी जात नाही. मुलग्यांच्या आयांनी चप्पल घालू दिली, बटण लावू दिलं, ताटली मात्र धुऊ दिली नाही, "तो पोरगा हाय, बाई." ती खुंटी मला शेवटपर्यंत ठोकता आली नाही. निवृत्त झाले तेव्हा हातोडी पिशवीतून काढून ठेवली.

सर गेल्यावर माणसं भेटायला येत राहिली. चांगली माणसं. पण त्यांनी माझ्या हातातलं सगळं काढून घेतलं. पाणी घ्यायला उठले की "बसा, बाई." चुलीशी गेले की "आम्ही आहोत ना." सून प्रेमळ आहे, ती ताट हातात देते. महिनोन् महिने मी मागितल्याशिवाय मला सगळं मिळत होतं आणि मी दिवसेंदिवस लहान होत होते. संध्याकाळी त्या पिशवीकडं बघायचं आणि खांद्याला हात लावायचा, एवढंच.

गेल्या महिन्यात कुशावर्ता आली. केस पिकले आहेत, चालताना थांबते, पण येते. बरोबर मुक्ता होती. आता हिंगोलीला शिकते, कॉलेजात. आईपेक्षा उंच झाली आहे. बोलता बोलता माझी नजर खुंटीकडं गेली असावी.

"ती पिशवी सरांची का?" मुक्तानं विचारलं.

"हो. काढायची आहे."

सून लगेच उठली. "मी काढते, आई."

"थांबा, वहिनी," मुक्ता म्हणाली. ती माझ्याकडं बघत होती. "बाईंना काढायची असंल."

मी उठले. पाट ओढला, त्यावर चढले. उजवा हात खांद्याच्या वर गेला आणि कळ आली. खाली घेतला. पुन्हा नेला. मागं सून म्हणाली, "पडतील हो!" मी डाव्या हातानं उजव्या कोपराला आधार दिला, टाचा उचलल्या. बोटांना पिशवीचा बंद लागला. तिथंच थोडा वेळ थांबले. मग बंद खुंटीवरून सुटला आणि पिशवी माझ्या छातीवर आली. तिच्यात वाचनालयाचं एक पुस्तक होतं, परत करायचं राहिलेलं.

मी वळले. मुक्ता माझ्यामागं, पाटाच्या अगदी जवळ उभी होती. मी पडले असते तर तिनं मला झेललं असतं, इतकी जवळ. तिचे दोन्ही हात पाठीमागं होते. ओढणीचं टोक मुठीत घट्ट धरलेलं होतं.

मी खाली उतरले. "हातोडी कुठंय, बाई?" ती म्हणाली. "खाली एक खुंटी ठोकते, तुमच्या हाताला यील अशी."

"हातोडी त्या कोनाड्यात आहे," मी म्हटलं. "पण इकडं दे. मी ठोकते."

आमचं घर अजून मातीचं आहे, म्हणून खुंटी आत गेली. थोडी वाकडी बसली आहे. पुस्तक परत करायला मी परवा एकटीनं एसटीनं जाऊन आले. येताना पिशवीत दुसरं घेऊन आले.